पेढ्याचा परवाना

गेल्या ऑगस्टमध्ये मी एका मेलेल्या कुत्र्याचा परवाना वर्षभरासाठी वाढवून घेतला. कुत्रा माझा नव्हता, परवाना माझा नव्हता, चूक तेवढी सर्वस्वी माझी होती. कागदावर छापून आलं : नाव पेढा, वय चौदा, प्रकृती उत्तम, विलंबशुल्क माफ. खाली हिरव्या अक्षरांत नगरपालिकेतर्फे हार्दिक अभिनंदन. पेढ्याला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.

पेढा आमच्या वरच्या मजल्यावरच्या शी-काकूंचा. त्यांचं खरं नाव सोसायटीत फार थोड्यांना ठाऊक होतं. मराठी घरांत त्या शी-काकू, बाकीच्यांत 'छी-छी आंटी'. कारण बाई बोलायला लागल्या की आधी 'शी' आणि मग उरलेलं वाक्य. लिफ्टच्या कोपऱ्यातल्या पिचकारीला त्या एक आखूड, तुटक 'शी' देत. कुणी कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवून रविवारभर कुजू दिली, तर तिला जरा लांबवलेली. सगळ्यांत लांब 'शी' मात्र माणसांसाठी राखून ठेवलेली असे. ती मला आठवड्यातून दोनदा तरी मिळायची. एकदा मी त्यांच्यासमोर बोटाला थुंकी लावून त्यांच्याच वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्या उठून वर गेल्या. संध्याकाळी निरोप आला, तो पेपर परत पाठवू नकोस.

दिल्लीत घर न परवडलेली सरकारी माणसं दिल्लीला चिकटलेल्या ज्या शहरांत राहतात, त्यांतल्या एकात आम्ही राहतो. नाव सांगत नाही, कारण मला तिथल्या नगरपालिकेच्या खिडकीवर अजून घरपट्टी भरायला जायचं असतं. काकू साताऱ्याहून परीक्षा देऊन दिल्लीला आल्या त्या सव्विसाव्या वर्षी. एका मंत्रालयात चौतीस वर्षं काढून अवर सचिव म्हणून निवृत्त झाल्या. "चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर एक फाइल शिळी झाली नाही," असं त्या म्हणत. शिळी हा शब्द त्या फायलीला आणि भाजीला सारख्याच किळसेने वापरत. मीही एका मंत्रालयातच आहे. माझ्या टेबलावरच्या काही फायलींना एव्हाना वास यायला लागला असेल, पण ती खोली वातानुकूलित आहे.

खरं म्हणजे काकूंना कुत्र्यांचीही किळस होती. पेढा आणला तो काकांनी. गाडीला सीट कव्हर घालायला म्हणून ते करोल बागेत गेले आणि तिथं एका उभ्या गाडीखाली थरथरत बसलेलं पेढ्याच्या रंगाचं पिल्लू घेऊन घरी आले. सीट कव्हर राहिलंच. काकूंनी दारातच विचारलं, "शी! हे काय आणलंत? होतं तिथं ठेवून या." काका म्हणाले, उद्या ठेवतो. हे उद्या दोन वर्षं चाललं आणि मग एक दिवस काकाच गेले. मूलबाळ नव्हतं. घरात उरल्या काकू आणि पेढा.

काका गेल्यावर मी एकदा धीर करून म्हणालो, "काकू, बरं झालं, तुम्हाला पेढ्याची सोबत आहे."

"सोबत कसली? शी! केस झडतात, लाळ गळते. हा ह्यांचा कुत्रा आहे, सुधीर. मी फक्त चार्ज घेतलाय."

चार्ज घेतलाय हे त्या अगदी शब्दशः म्हणत होत्या. काकूंनी पेढ्याची फाइल उघडली होती. दोन भोकांची, टॅग लावलेली, पानांवर आकडे घातलेली. उजवीकडे पत्रव्यवहार : दरवर्षीचा परवाना, लशींचे दाखले. डावीकडे हिरव्या कागदांवर टिपणं. 'आज अन्न घेतले नाही. वाट पाहावी.' 'लंगडतो. डॉक्टरांस दाखवले. काटा निघाला.' 'फटाक्यांमुळे पलंगाखाली. बाहेर काढू नये.' बारा वर्षांत कुणाच्या देखत त्यांनी पेढ्याच्या डोक्यावरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही. पण आमच्या मंत्रालयात एखाद्या राज्याच्या धरणालासुद्धा इतकी चांगली टिपणं मिळाली नसतील.

परवान्याचं नूतनीकरण एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी. खिडकी दहाला उघडायची, काकू पावणेदहाला तिथं. आमच्या शहरात कुत्रे किती असतील कोण जाणे, पण त्या दिवशी त्या रांगेत काकू एकट्याच असत. मिळालेला पितळी बिल्ला त्या चिंचेने घासून लखलखीत करत आणि पेढ्याच्या गळ्यात घालत. बाकीचे कुत्रेवाले हसायचे. "आंटीजी, कौन पूछता है?" असं विचारायचे. काकू म्हणत, "कुणी विचारत नाही म्हणून मी दात घासायचे सोडू का?"

पेढ्याला फिरवायला त्या जुनी वर्तमानपत्रं घेऊन निघत. पानांचे सुबक पुडे केलेले. पेढ्याचं उरकलं की त्या नाकाला रुमाल लावून वाकत आणि सगळं पुड्यात घेऊन डब्यात टाकत. पुड्यांसाठी त्या अग्रलेखाचंच पान वापरत. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "कागद जाड नाही, पण आतला माल जुळतो." आमच्या बागेत बाकीचे सगळे कुत्रेवाले त्या एका क्षणी आकाशाकडे पाहतात. एरवी धुरामुळे जिथं महिनोन् महिने तारा दिसत नाही, तिथं एवढे खगोलशास्त्रज्ञ कुठून येतात, हे मला कोडंच होतं. त्यांच्या पाठीमागे जे राहतं, त्यात माझे दोन बूट गेले आहेत. काकू मात्र त्या खगोलशास्त्रज्ञांसमोर उभ्या राहून एक पुडा पुढे करत. घेतला नाही की ती लांबलचक 'शी'.

एका जानेवारीत मराठी मंडळाच्या बसने आम्ही पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेलो होतो. काकू पेढ्याला घेऊन आल्या. ड्रायव्हर अडला, कुत्रा बसमध्ये चढणार नाही. काकूंनी पिशवीतून फाइल काढली, परवाना दाखवला, लशींचे दाखले दाखवले, बिल्ल्याचा नंबर ताडून दाखवला. ड्रायव्हर म्हणाला, "आंटीजी, इतने काग़ज़ तो मेरी बस के भी नहीं हैं. बिठा लो." तिथं पोचल्यावर मंडळाने जेवणाचे डबे उघडले. मी स्मारकाच्या अगदी जवळ, झाडाखाली सावली बघून बसलो आणि पुरीला श्रीखंड लावलं. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. "आपण हरलो ती जागा आहे ही. शी! इथं बसून श्रीखंड चाटतोस?" मी म्हणालो, काकू, भूक लागली. त्या म्हणाल्या, "पेढ्यालाही लागलीय. तो बघ कसा बसलाय." पेढा खरोखर ताठ बसून समोर पाहत होता. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याचा फोटो काढला. त्यात माझं कोपर आणि श्रीखंडाची वाटीही आली.

फेब्रुवारीत एका सकाळी पेढा उठला नाही. डॉक्टर आले, त्यांनी दाखला दिला. मी वर गेलो तेव्हा काकू ओल्या फडक्याने त्याचे पाय पुसत होत्या. नाकाला रुमाल नव्हता. मला पाहून म्हणाल्या, "काल बागेत चिखल होता." प्राण्यांच्या स्मशानात आम्ही दोघंच गेलो. तिथल्या माणसाकडून त्यांनी पावती मागून घेतली. घरी येऊन फाइल उघडली आणि डाव्या बाजूला लिहिलं : 'पेढा आज सकाळी गेला. परवाना रद्द करण्याबाबत कळवावे.'

आणि इथून पुढे जे झालं ते किळसवाणं आहे.

काकू दाखला घेऊन खिडकीवर गेल्या. खिडकीवरच्या बाबूंनी सांगितलं, "अब सब पोर्टल पे है. ऑनलाइन करो." पोर्टलवर नवा परवाना काढायची सोय होती, वाढवायची होती, मालक बदलायची होती. कुत्रा मरतो, हे पोर्टल बनवणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. काकू तीनदा खिडकीवर जाऊन आल्या. मार्च संपला आणि त्यांच्या फोनवर संदेश सुरू झाले. 'आपके प्यारे साथी का लाइसेंस समाप्त हो गया है.' मग, विलंबशुल्क लागू झालं. मग, वाढलं. मग, कारवाई होईल. दर चार दिवसांनी त्या मेलेल्या कुत्र्याचं नाव फोनवर झळकायचं, शेजारी एक हसरं कार्टून पिल्लू. काकू जिन्यात भेटल्या की फोन पुढे करत. "बघ. आज जीभसुद्धा बाहेर काढलीय त्याने." 'शी' म्हणायचंही त्यांनी सोडलं होतं.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेने जाहीर केलं की ज्यांनी परवाने वाढवलेले नाहीत त्यांचं विलंबशुल्क माफ. लोकांना उत्तेजन म्हणून. रस्तोरस्ती फलक लागले. फलकावर एक पुढारी आणि एक सोनेरी केसांचा विलायती कुत्रा, दोघेही सारखेच दात दाखवत. काकू त्या फलकाखाली उभ्या राहून मला म्हणाल्या, "बारा वर्षं मी पहिल्या दिवशी गेले. मला कुणी पाणी विचारलं नाही. आणि जे कधी गेलेच नाहीत, त्यांच्या हातापाया पडतायत. म्हणजे आता पुढच्या वर्षी कोण वेळेवर जाईल? सांग ना, कोण जाईल?"

आयकर असो, पाणीपट्टी असो, मी अशा माफीची वाट पाहणाऱ्यांपैकी आहे आणि ती येतेच, असा माझा सरकारी नोकरीतला अनुभव आहे.

काकूंनी फ्लॅट विकला होता. महिनाअखेरीला त्या साताऱ्याला धाकट्या बहिणीकडे कायमच्या जाणार होत्या. सामान निम्मं बांधून झालं होतं. "एवढी एक फाइल बंद झाली की मी सुटले," त्या म्हणाल्या. "उघडी फाइल मागे टाकून मी कधी बदलीवरसुद्धा गेले नाही." मी छाती पुढे काढून म्हणालो, "काकू, पोर्टल माझ्यावर सोडा. दोन मिनिटांचं काम आहे."

रविवारी सकाळी त्या फोन घेऊन खाली आल्या. ओटीपी मला सांगायला त्यांनी ठाम नकार दिला. बँकेने सांगितलंय, कुणालाही सांगायचा नाही. मला मान वळवायला लावून त्यांनी तो स्वतः भरला. तेवढ्यात सामान बांधणारे आल्याचं कळलं आणि त्या वर गेल्या. जाताना म्हणाल्या, "नीट वाचून कर. घाई नको."

मेधाने पोहे आणून ठेवले होते. आणि मला गार पोहे आवडत नाहीत.

पोर्टलवर रद्द करायचं बटण मलाही सापडलं नाही. पण एक मोठं हिरवं बटण होतं : थकबाकी निकाली काढा, विलंबशुल्क माफ. मी विचार केला, आधी थकबाकी निकाली, मग परवाना निकाली. सरकारात हाच क्रम असतो. बटण दाबलं. पुढे प्रश्न आला, आपला पाळीव प्राणी निरोगी आहे का? 'हो' वर टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, म्हणून 'हो' वर टिक केली. लस कधी दिली? गेल्या महिन्यातली तारीख टाकली. फोटो मागितला. मेधाच्या फोनवरून पानिपतचा घेतला. सगळी माहिती सत्य असल्याचं घोषित करतो? करतो. फी नाममात्र होती, मीच भरून टाकली, काकूंना खूश करू म्हणून. पोहे अजून कोमट होते.

कागद छापून, घडी घालून मी वर गेलो. "काकू, काम फत्ते!" मी तो वाचलाही नव्हता. काकूंनी खोक्यांच्या गर्दीत चष्मा शोधला आणि उभ्यानेच वाचायला लागल्या. वाचून झालं तरी त्या कागदाकडे पाहतच होत्या. मी मान वाकवून पाहिलं आणि मला पेढा दिसला, शेजारी माझं कोपर, आणि खाली 'प्रकृती उत्तम'.

"सुधीर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या नावापुढे माफ लिहिलंय."

मी म्हणालो, काकू, पैसे मी भरलेत.

"चौतीस वर्षं नोकरी केली, बारा वर्षं हा परवाना काढला. मला कधी कुणी काही माफ केलेलं नाही. करावंच लागलं नाही." मग त्यांनी बोट खाली नेलं. "आणि हे, निरोगी आहे म्हणून? हे मी सांगितलं त्यांना?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना घेऊन नगरपालिकेत गेलो. आवारात मांडव होता, माफीचा मेळावा. भोंग्यावर गाणी. आठ-दहा वर्षं परवाना न काढलेल्यांना व्यासपीठावर बोलावून झेंडूची माळ घालत होते. एक गृहस्थ बर्फाच्या देशातले दोन केसाळ कुत्रे घेऊन उभे होते. ऑगस्टच्या त्या चिकट उकाड्यात बिचाऱ्यांच्या जिभा जमिनीला लागायच्या बाकी होत्या. गृहस्थांनी माइक घेतला आणि म्हणाले, "मैं तो शुरू से नियम पे चलने वाला आदमी हूँ." टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्यांच्या एका कुत्र्याने मांडवाच्या खांबाशी तंगडी वर केली. ओघळ वायरीच्या गुंडाळ्यापर्यंत गेला. पुन्हा टाळ्या. ज्या माणसाने तो कुत्रा धरून बाजूला केला त्याच हाताने त्याने लाडवांचं ताट उचललं आणि आमच्यापुढे धरलं. मी सवयीने एक घेतला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी तो खिशात ठेवला. तो खिसा अजून तुपकट आहे.

खिडकीवर बाबूंच्या पुढ्यात शिक्क्याचा स्पंज होता, काळाकुट्ट, त्याला केस चिकटलेले. काकूंनी दाखला आत सरकवला. बाबूंनी बोट चाटलं, पान उलटलं, संगणकात पाहिलं.

"मैडम, ये तो ज़िंदा है."

"नहीं है."

"सिस्टम में है. कल आपने खुद लिखा है, स्वस्थ है. टीका भी लगवाया है." त्यांनी दाखला उलटा-सुलटा केला. "और ये कहता है फ़रवरी में मर गया. मतलब आपने ग़लत घोषणा दी. लिख के देना पड़ेगा, किसने भरा, क्यों भरा." मग चेहरा पाहून ते जरा नरमले. "छोड़ो ना आंटीजी. साल भर में अपने आप ख़त्म हो जाएगा. किसे फ़र्क पड़ता है?"

मी घाईघाईने म्हणालो, "बरोबर आहे काकू. जाऊ द्या ना. तुम्ही तर चाललात."

काकू माझ्याकडे वळल्या. "वर्षभर तो जिवंत राहील? आणि एप्रिलमध्ये पुन्हा ते पिल्लू जीभ काढून येईल? मी त्याचे पाय पुसलेत, सुधीर." एवढं बोलून त्या बाहेर चालू लागल्या.

घरी आल्यावर मी त्यांच्या खोक्यांवर बसून निवेदन लिहायला घेतलं. एक भीती मला होती, ती सांगून टाकतो. मीही सरकारी नोकर. खोटी घोषणा मी केली, असं लेखी द्यायचं म्हणजे उद्या कुणी ते माझ्या कार्यालयात पाठवलं तर? म्हणून पहिल्या मसुद्यात मी लिहिलं की पोर्टलमधल्या तांत्रिक बिघाडामुळे परवाना वाढला गेला. काकूंनी तो वाचला, लाल पेनाने आडवी रेघ मारली. "पोर्टलने टिक केली का? त्याला बोट आहे?"

दुसऱ्या मसुद्यात मी लिहिलं, वयोवृद्ध शेजारणीच्या सांगण्यावरून आणि त्यांनी दिलेल्या माहितीनुसार अर्ज भरण्यात आला. हे लिहिताना मला ते बरं वाटलं होतं, वजनदार. काकूंनी वाचलं. रेघसुद्धा मारली नाही. कागद माझ्याकडे परत दिला.

"म्हणजे म्हातारी विसरली की कुत्रा मेलाय. असं?"

"तसं नाही हो काकू..."

"राहू दे. तू जा खाली. मी लिहिते."

मी गेलो नाही. काकूंनी फाइल उघडली, कोरा कागद घेतला आणि त्यांच्या त्या टोकदार हस्ताक्षरात हिंदीत लिहायला लागल्या. मी मागे उभा राहून वाचत होतो. 'काम दुसऱ्यावर सोपवून मी ते तपासले नाही. खोटी माहिती माझ्या नावावर गेली आहे. त्याची जबाबदारी माझी.' सत्तरीतली बाई. खाली नाव, त्याखाली निवृत्त अवर सचिव, आणि सहीसाठी पेन टेकवलेलं. चौतीस वर्षांचं सगळं माझ्या एका बेजबाबदार नाश्त्यापायी एका सहीत वाया चाललं होतं.

मला स्वतःची जी किळस आली ती आजवर कुठल्या जिन्याची, कुठल्या लिफ्टची आली नव्हती. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. तिसरा मसुदा चार ओळींचा झाला. कुत्रा फेब्रुवारीत वारला आहे. त्याच्या मालकिणीने परवाना रद्द करायला सांगितलं होतं. मी न वाचता सगळ्याला 'हो' म्हटलं आणि लशीची तारीख मनाने टाकली. चूक माझी एकट्याची. खाली माझं नाव, हुद्दा, मंत्रालय, सगळं.

काकूंनी वाचलं. लाल पेन उचललं, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि ठेवून दिलं. "आता पाठवण्याजोगं झालं."

खिडकीवर बाबूंनी ते मोठ्याने वाचलं. रांगेतली माणसं हसली. माझा हुद्दा आला तेव्हा बाबूंनी मान वर केली. "आप भी सरकारी हैं?" मी होकार दिला. "अच्छा. फिर ठीक है," ते म्हणाले आणि त्या केसाळ स्पंजावर शिक्का दाबला. इतक्या समजूतदार तिरस्काराने माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

मग बिल्ला जमा करायचा होता. काकूंनी तो रुमालातून काढला. चिंचेने घासलेला, चमकत होता. बाबूंनी तो न पाहताच खालच्या एका खोक्यात टाकला. खोक्यात रबरबँड होते, चहाचे चिरडलेले कप होते, गुटख्याच्या पुड्या होत्या.

"रसीद?" काकूंनी विचारलं.

"टोकन की रसीद नहीं होती, मैडम."

काकूंनी खिडकीतून हात आत घातला. त्या बाईने, जिने माझ्या थुंकीचा पेपर परत घेतला नव्हता, त्या खोक्यात मनगटापर्यंत हात घालून बिल्ला शोधून काढला. रुमालाने दोन्ही बाजूंनी पुसला. "रसीद नहीं, तो बिल्ला नहीं," म्हणाल्या आणि पिशवीत टाकला. बाबूंनी अडवलं नाही. मला वाटतं त्यांचं धाडस झालं नाही.

तीन आठवडे रोज फोन करत राहिलो तेव्हा कुठे रद्द झाल्याचा कागद निघाला. जायच्या आदल्या दिवशी. काकूंनी त्याला भोकं पाडली, टॅगमध्ये ओवला, पानाचा आकडा घातला. डाव्या बाजूला लिहिलं, 'फाइल बंद.' मग फाइल मिटून तिच्यावर हात ठेवून त्या बसल्या. खोलीत खोकी आणि पॅकरवाल्यांनी टाकलेला सुतळीचा कचरा होता. त्या कचऱ्याला त्या काही म्हणाल्या नाहीत. मीच तो गोळा केला.

सकाळी टॅक्सी फाटकाशी आली. सामान चढलं. मेधा डोळे पुसत होती. आकाशाकडे पाहणारे दोन कुत्रेवालेही निरोप द्यायला आले होते. काकू मागच्या सीटवर बसल्या, फाइल मांडीवर. निरोपाची वेळ आली की मी काहीतरी मोठं बोलतो, ही माझी जुनी खोड.

"काकू," मी खिडकीत वाकून म्हणालो, "आम्ही ठरवलंय. पेढ्याच्या आठवणीसाठी आम्हीही एक पिल्लू पाळणार."

मेधाने माझ्याकडे चमकून पाहिलं. आम्ही काही ठरवलेलं नव्हतं.

काकूंनी टॅक्सीवाल्याला चला म्हणून खूण केली आणि काच वर करता करता म्हणाल्या, "नको. मेधाला सांभाळायला तू एक आहेस, तेवढं पुरे."